विश्लेषण : इंजिन बंद, तरी बूस्टचा आकडा १०१ कसा? या आकड्यामागचा ब्लेझ पास्कल कोण होता?

टर्बो गाडी घरी आली की हौशी मालकाची पुढची खरेदी ठरलेली असते. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारे छोटे ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलवर त्याचे अॅप. चावी फिरवायची, इंजिन अजून सुरू करायचे नाही, आणि अॅप उघडायचे. इनटेक मॅनिफोल्ड प्रेशरसमोर आकडा दिसतो १०१ किलोपास्कल. टर्बो तर फिरतही नाही. मग हा दाब आला कुठून? सेन्सर बिघडला, अशी शंका इथे हमखास येते.

सेन्सर ठीक असतो. तो टर्बोचा नव्हे, खिडकीबाहेरच्या हवेचा दाब दाखवत असतो. हवेला वजन असते आणि उंचीवर गेले की तिचा दाब घटतो, हे डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन दाखवण्याचा प्रयोग ज्याने आखला, त्याचेच नाव त्या आकड्यापुढे लागते. गंमत म्हणजे, त्या डोंगरावर तो स्वतः गेलाच नव्हता.

गणिताला बंदी असलेले घर

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. आजचे क्लेरमाँ-फेराँ. मिशेलिन टायर कंपनीचे मुख्यालय याच शहरात आहे. वडील एत्येन करविषयक न्यायालयात अधिकारी होते. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई गेली. मागे तीन मुले राहिली : थोरली जिल्बर्त, मधला ब्लेझ आणि धाकटी जॅकलिन. वडिलांनी पुन्हा लग्न केले नाही. १६३१ मध्ये ते मुलांना घेऊन पॅरिसला आले. मुलाला शाळेत न घालता त्यांनी स्वतःच शिकवायला घेतले.

वडील स्वतः चांगले गणिती होते. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, मुलाच्या हाती गणिताचे पुस्तक लागू द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले. आधी लॅटिन आणि ग्रीक पक्के होऊ दे, मग भूमिती. जिल्बर्तने पुढे भावाचे चरित्र लिहिले. त्यात ती सांगते की १२ वर्षांचा ब्लेझ फरशीवर कोळशाने आकृत्या काढत बसायचा. रेषेला आणि वर्तुळाला काय म्हणतात हेही त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने त्यांना स्वतःची नावे दिली होती. त्रिकोणाच्या तीन कोनांच्या बेरजेपर्यंत तो एकट्याने पोहोचला, तेव्हा वडिलांनी त्याला पाहिले आणि बंदी संपली. बहिणीच्या कौतुकाचा रंग या आठवणीला चढला असेल, हे गृहीत धरावे. पण १६४० मध्ये, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने शंकुछेदांवर छापलेले एक पान मात्र खरे आहे. त्यातला षट्कोनाचा सिद्धान्त आजही त्याच्या नावाने शिकवला जातो. हे एका पोराचे काम आहे यावर रने देकार्तचा विश्वास बसायला तयार नव्हता.

वडिलांचा हिशेब आणि मुलाचे यंत्र

याच काळात घरावर संकट आले. एत्येन यांनी आपली बचत सरकारी रोख्यांत ठेवली होती. युद्धाच्या खर्चाने तिजोरी रिकामी झाली आणि सरकारने रोख्यांवरचे देणे कापले. विरोध करणाऱ्यांत एत्येन होते. सर्वसत्ताधीश कार्डिनल रिशल्यूचा रोष ओढवला आणि अटक टाळण्यासाठी त्यांना पॅरिस सोडून पळावे लागले. सुटका झाली ती धाकट्या जॅकलिनमुळे. १६३९ मध्ये रिशल्यूपुढे मुलांचे एक नाटक झाले. त्यात जॅकलिनने काम केले, नंतर पुढे होऊन वडिलांसाठी माफी मागितली आणि ती मिळालीही.

माफीबरोबर नेमणूक आली : रूआं शहरात करवसुलीचा अधिकारी. दंगलीने पोळलेला प्रांत, विस्कटलेली दप्तरे आणि रात्ररात्र चालणाऱ्या बेरजा. वडिलांचे हे हाल पाहून १६४२ च्या सुमारास, १९ वर्षांच्या ब्लेझने बेरीज करणारे यंत्र बनवायला घेतले. खरी अडचण हातच्याची होती. ९९९९ मध्ये १ मिळवला की सगळी चाके एकदम फिरावी लागतात, आणि तेवढा जोर पहिल्या चाकाकडून मिळत नाही. पास्कलने प्रत्येक चाकामागे एक छोटा भारित दांडा ठेवला. चाक फिरताना तो हळूहळू उचलला जायचा आणि नेमक्या क्षणी पडून पुढच्या चाकाला एक घर सरकवायचा. त्यावर फ्रेंच चलनाची आणखी एक कटकट होती. १२ दनिएचा एक सोल, २० सोलचा एक लिव्र. रुपये-आणे-पैचा हिशेब केलेल्या आजी-आजोबांना हे दुखणे चटकन कळेल.

सुमारे ५० नमुने करून झाल्यावर यंत्र मनासारखे झाले. १६४९ मध्ये राजाकडून ते बनवण्याचा एकाधिकारही मिळाला. विक्री मात्र जेमतेम झाली, कारण किंमत फार होती आणि कारकून स्वस्त मिळत होते.

पंप ३२ फुटांवर का अडतो?

ऑक्टोबर १६४६ मध्ये पिएर पती नावाचा अभियंता रूआंला आला. इटलीत टॉरिचेलीने दोन वर्षांपूर्वी केलेल्या प्रयोगाची बातमी त्याच्याकडे होती. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची, बोटाने तोंड दाबून पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करायची आणि बोट काढायचे. पारा थोडा खाली येतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो. वर मोकळी जागा राहते. त्या जागेत काय असते?

शतकानुशतकांचे उत्तर असे होते की निसर्गाला पोकळी सहन होत नाही. पंपाचा दट्ट्या वर खेचला की पोकळी होऊ नये म्हणून पाणी धावत येते. पण विहिरी खोदणाऱ्यांना एक गोष्ट माहीत होती. ओढणारा पंप कितीही चांगला असला, तरी पाणी साधारण ३२ फुटांच्या, म्हणजे १० मीटरच्या वर चढत नाही. निसर्गाला पोकळीचा तिटकारा असेल, तर तो ३२ फुटांवर संपतो कसा?

टॉरिचेलीचे म्हणणे वेगळे होते. पाण्याला कोणी वर ओढत नाही. बाहेरची हवा आपल्या वजनाने त्याला खालून ढकलते, आणि हवेचे वजन जेवढे तेवढेच पाणी किंवा पारा चढतो. तर्क सुंदर होता, पण पुरावा अजून नव्हता.

टर्बो समजून घेण्याची किल्ली इथेच आहे. इंजिन हवा ओढते, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ढकलली जाते. त्यामुळे टर्बो नसलेल्या साध्या इंजिनावर त्या पंपासारखीच मर्यादा असते. एक्सलरेटर तळापर्यंत दाबला, तरी इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेच्या आसपासच थांबतो. मुंबईत ही मर्यादा १०१ किलोपास्कल असते. ती ओलांडायची तर हवा बाहेरून दाबूनच भरावी लागते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या कम्प्रेसरने हवा दाबायची, हे टर्बोचे काम.

पास्कलने रूआंच्या काच कारखान्यांतून ४६ फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर लांबीच्या नळ्या करून घेतल्या. जहाजाच्या डोलकाठीला बांधून त्या उभ्या केल्या आणि जमलेल्या लोकांसमोर एकीत पाणी, दुसरीत तांबडी वाइन भरली. विरोधकांचे म्हणणे होते की नळीच्या वरच्या भागात द्रवाची वाफ भरते आणि ती द्रवाला खाली दाबते. तसे असते तर जास्त वाफाळणारी वाइन पाण्यापेक्षा खाली थांबायला हवी होती. ती किंचित वर थांबली. ती पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तेवढ्याच हवेने तिला जास्त उंच धरले. निकाल दाखवण्याआधी समोरच्यांकडून अंदाज वदवून घेण्याची पास्कलची पद्धत होती. त्यामुळे नंतर शब्द फिरवण्याची सोय कोणाला उरत नसे. ऑक्टोबर १६४७ मध्ये त्याने हे प्रयोग छापले.

तोवर तब्येत पार बिघडली होती. पायांत जोर नव्हता, कुबड्या घ्याव्या लागत. अन्न कोमट आणि पातळ असेल तरच उतरे. सप्टेंबर १६४७ मध्ये पॅरिसला देकार्त त्याला भेटायला आला. पोकळीवरून चर्चा झाली, उपस्थितांपैकी एकाशी देकार्तची चांगलीच जुंपली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तो नाडी बघितल्यासारखा. अंथरुणात पडून राहा आणि सूप घे, असा सल्ला त्याने दिला. डोंगरावरच्या प्रयोगाची कल्पना आपणच सुचवली, असा दावा देकार्तने पुढे केला. पास्कलने ते मानले नाही, आणि या वादाचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

१९ सप्टेंबर १६४८ : डोंगरावर काय झाले?

कल्पना सरळ होती. पारा हवेच्या वजनाने तोलला जात असेल, तर उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून पारा खाली यायला हवा. निसर्गाचा तिटकारा हे कारण असेल, तर तो पायथ्याशी जास्त आणि शिखरावर कमी असण्याचे काही कारण नाही. पॅरिसच्या आसपास पुरेसा उंच डोंगर नाही. क्लेरमाँजवळ मात्र १,४६५ मीटर उंचीचा प्यु द दोम हा थंड झालेला ज्वालामुखी उभा आहे, आणि जिल्बर्तचा नवरा फ्लोरँ पेरिए तिथेच राहत होता. नोव्हेंबर १६४७ मध्ये पास्कलने मेहुण्याला पत्र पाठवले. पेरिएची सरकारी कामे आणि डोंगरावरचे धुके-बर्फ यांत दहा महिने गेले.

१९ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता शहरातील सर्वांत सखल जागी, एका मठाच्या बागेत, पेरिए आणि काही प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत धर्मगुरू होते, न्यायालयीन अधिकारी होते, एक वैद्यही होता. दोन सारख्या नळ्या आणि शुद्ध केलेला पारा घेऊन मोजमाप झाले. दोन्हींत पारा २६ इंच साडेतीन रेषांवर. हे जुने फ्रेंच इंच. आजच्या हिशेबात सुमारे ७१२ मिलिमीटर. एक नळी तिथेच ठेवली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला एका धर्मगुरूला बसवले. दुसरी घेऊन बाकीचे डोंगर चढले.

शिखरावर पारा २३ इंच २ रेषा, म्हणजे सुमारे ६२७ मिलिमीटर. तब्बल ८५ मिलिमीटरचा फरक. फरक पडेल हे अपेक्षित होते, पण एवढा पाहून मंडळी थक्क झाली. पेरिएने शिखरावरच्या चॅपेलच्या आत, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात आणि धुक्यात मिळून पाच वेळा मोजले. आकडा तोच. उतरताना मधल्या एका ठिकाणी २५ इंच. बागेत परतल्यावर पुन्हा २६ इंच साडेतीन रेषा, आणि खालच्या नळीतला पारा दिवसभर हललाच नव्हता.

खाली ठेवलेली ती दुसरी नळी हा या प्रयोगाचा सर्वांत भक्कम भाग म्हणावा लागेल. ती नसती, तर दिवसभरात हवामानच बदलले असेल, असे कोणीही म्हणू शकले असते.

दुसऱ्या दिवशी पेरिएने क्लेरमाँच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरही मोजून पाहिले. काही रेषांचा फरक तिथेही दिसला. बातमी कळताच पास्कलने पॅरिसमध्ये सुमारे ५० मीटर उंचीच्या सेंट जॅक मनोऱ्यावर तोच प्रयोग केला आणि ऑक्टोबर १६४८ मध्ये सगळा वृत्तान्त छापून टाकला. पुढे क्लेरमाँमध्ये रोजच्या नोंदी ठेवल्या गेल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. एकाच जागी उभी असलेली नळीही हवामानाप्रमाणे खाली-वर होते.

मग मोबाइलवरचा आकडा वाचायचा कसा?

पेरिएचे आकडे आजच्या एककात मांडले तर बागेत सुमारे ९५ आणि शिखरावर सुमारे ८४ किलोपास्कल येतात. पुण्यात इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, तर अॅप साधारण ९५ दाखवते. महाबळेश्वरला पोहोचून पाहा, ८६ च्या आसपास. लेहमध्ये ६६, आणि खारदुंग ला येथे ५२ च्या जवळपास. मुंबईतही पावसाळ्यात हा आकडा १०० वर उतरलेला दिसू शकतो. म्हणजे पुणे-महाबळेश्वर सहलीत प्यु द दोमचा प्रयोग जवळजवळ जसाच्या तसा होतो, तोही पारा न सांडता.

आता मुख्य गोंधळ. अॅपवरचा इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर हा निरपेक्ष दाब असतो. त्याचे शून्य म्हणजे पूर्ण पोकळी, टॉरिचेलीच्या नळीतली वरची जागा. डॅशबोर्डवर वेगळा बसवलेला बूस्ट मीटर मात्र बहुधा बाहेरच्या हवेला शून्य मानतो आणि तिच्यावर किती, एवढेच सांगतो. एकाच क्षणी एक २२० किलोपास्कल म्हणतो आणि दुसरा १.२ बार, आणि दोघेही खरे बोलत असतात. २२० मधून बाहेरचे १०१ वजा केले की ११९ किलोपास्कल राहतात, म्हणजे १.१९ बार किंवा साधारण १७ पीएसआय. रूपांतर लक्षात ठेवायला सोपे आहे : १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय.

गडबड होते ती वजाबाकीत. काही गाड्या बाहेरच्या हवेचा दाब वेगळा कळवतात, अॅपने तो वापरला तर उत्तम. अॅपने समुद्रसपाटीचे १०१ कायमचे धरले असतील, तर महाबळेश्वरला इंजिन बंद असतानाही बूस्ट उणे १५ दिसेल. तपासणी एका मिनिटाची आहे. चावी ऑन, इंजिन बंद, बूस्ट शून्य दिसायला हवा. नसेल तर चूक अॅपच्या गृहीतकात असण्याची शक्यता जास्त, टर्बोवर संशय नंतर घ्यावा.

समजा, गाडीच्या ईसीयूने ठरवले की इनटेकमध्ये २२० निरपेक्ष हवेत. मुंबईत त्यासाठी ११९ चा बूस्ट लागतो, महाबळेश्वरला १३४ चा. घाटमाथ्यावर मीटर १७ ऐवजी १९ पीएसआय दाखवतो, म्हणून गाडीची ताकद वाढली असे नव्हे. इंजिनाला तेवढाच दाब मिळतो आहे, टर्बोला मात्र त्यासाठी जास्त वेगाने फिरावे लागते. खारदुंग ला येथे तेच २२० गाठायचे तर बाहेरच्या हवेला चौपटीहून जास्त दाबावे लागेल. टर्बो मर्यादेबाहेर फिरू नये म्हणून तिथे ईसीयू आपले लक्ष्यच खाली आणतो. लडाखमध्ये गाडी दमल्यासारखी वाटते त्यामागे हे एक कारण असते. जुन्या, निव्वळ स्प्रिंगवर चालणाऱ्या वेस्टगेटच्या गाडीत उलट घडते. स्प्रिंग बाहेरच्या हवेशी फरक सांभाळते. मीटरवर तोच १ बार दिसतो, पण मुंबईत इनटेकमध्ये २०१ असतात आणि लेहमध्ये १६६.

पेट्रोल गाडी उभी असताना, इंजिन नुसते सुरू ठेवल्यावर ३० ते ४० किलोपास्कल दिसले तरी घाबरू नये. थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने इनटेकमध्ये दाब कमी असतो. बऱ्याच बूस्ट मीटरच्या डाव्या बाजूला याच भागासाठी इंच पारा हे एकक छापलेले असते, पेरिएच्या नळीचा वारसा सांगणारे. डिझेल गाडीत थ्रॉटलने हवा अशी रोखलेली नसते, म्हणून तिथे आकडा बाहेरच्या हवेजवळच राहतो. आणखी एक बारीक गोष्ट : ओबीडीच्या मूळ प्रमाणित पद्धतीत हा आकडा एका बाइटमध्ये येतो, ० ते २५५. दमदार डिझेलमध्ये तो २५५ वर चिकटला, तर दाब तिथेच थांबला असे समजू नये. मोजपट्टी संपलेली असते.

शंका खरोखर कधी घ्यावी? पूर्ण एक्सलरेटर दाबला असताना ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांत सतत मोठी तफावत दिसली, त्यासोबत फुस्स असा आवाज किंवा जास्तीचा काळा धूर असेल, तर इंटरकूलरच्या पाइपचा क्लॅम्प सैल होणे किंवा पाइप फाटणे या स्वस्त कारणांपासून तपास सुरू करावा. आणि मीटरवर जास्त दाब म्हणजे जास्त हवा, हेही नेहमी खरे नसते. तोच २२० चा दाब, पण हवा ४० ऐवजी ९० अंशांची, तर सिलिंडरमध्ये शिरणारी हवा सुमारे १४ टक्के कमी. आकडा वाढवण्यासाठी ईसीयू रीमॅप करून घेणाऱ्यांनी तापमानाचा रकाना आधी पाहावा.

पास्कल पुढे या वाटेवर का राहिला नाही?

सप्टेंबर १६५१ मध्ये वडील गेले. जॅकलिनला पोर्ट रॉयलच्या मठात जोगीण व्हायचे होते. इतकी वर्षे वडिलांनी अडवले होते, आता भावाने अडवले. आजारी ब्लेझला ती हवी होती, आणि तिचा वारशाचा वाटा मठाला जावा हेही त्याला रुचत नव्हते. जानेवारी १६५२ मध्ये ती निघून गेली. पुढे पैशावरून कटुता झाली. अखेर त्याने तिचा वाटा दिला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत त्याने द्रवांच्या समतोलावर आणि हवेच्या वजनावर दोन प्रबंध लिहिले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा त्याच्या नावाचा नियम त्यात आहे. ब्रेक पेडलवरचा पायाचा हलका दाब चारही चाकांना आवळतो तो याच नियमाने. टर्बोने पळणारी आणि हायड्रॉलिक ब्रेकने थांबणारी गाडी अशी दोन्ही टोकांना त्याची देणेकरी आहे. १६५४ मध्ये अर्धवट सुटलेल्या जुगाराचे पैसे कसे वाटायचे, यावर त्याने पिएर द फर्माशी पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेचे गणित उभे राहू लागले. विम्याच्या हप्त्यांमागे आज तेच गणित आहे.

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला एक तीव्र धार्मिक अनुभव आला. त्याची नोंद त्याने कागदावर केली आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली. ती सापडली त्याच्या मृत्यूनंतर. गणित त्याने पूर्ण सोडले नाही. १६५८ मध्ये दातदुखीने झोप येईना, तेव्हा त्याने सायक्लॉइड या वक्राचा विचार सुरू केला. रस्त्यावर फिरणाऱ्या चाकाच्या कडेवरचा एक बिंदू हवेत जी कमान काढतो, ती सायक्लॉइड. पण मुख्य वेळ आता धर्मवादावरच्या लेखनात आणि विचारांच्या तुकड्यांत जात होता. ते तुकडे १६७० मध्ये, मरणोत्तर, पाँसे या नावाने ग्रंथरूपात आले आणि फ्रेंच साहित्यात अढळ झाले. ऑक्टोबर १६६१ मध्ये जॅकलिन गेली.

पाच सोलची गाडी

अखेरच्या वर्षी त्याने हात घातला तो चक्क वाहतुकीत. पॅरिसमध्ये स्वतःची घोडागाडी श्रीमंतांनाच परवडे. पास्कल आणि त्याचा मित्र ड्यूक द रोआने यांनी योजना मांडली : ठरलेला मार्ग, ठरलेले भाडे, आणि गाडी भरो वा न भरो, ठरलेल्या वेळी ती सुटणारच. १८ मार्च १६६२ रोजी पहिला मार्ग सुरू झाला. भाडे पाच सोल. शहरी बससेवेची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच मानतात. लोकांची झुंबड उडाली. मात्र पॅरिसच्या न्यायसंस्थेने सैनिक, नोकर आणि मजुरांना या गाड्यांत बसायला बंदी घातली. ज्यांना गाडीची खरी गरज होती, त्यांनाच दार बंद. पुढे भाडेही वाढले आणि काही वर्षांत सेवा बंद पडली. त्या हिवाळ्यात ब्ल्वा भागात दुष्काळ होता. तिथल्या गरिबांना पाठवण्यासाठी या गाड्यांच्या उत्पन्नातून १,००० लिव्र आगाऊ मिळावेत, अशी पास्कलची खटपट चालली होती. ती सफल झाली नाही.

१९ ऑगस्ट १६६२ रोजी, जिल्बर्तच्या घरी, तो गेला. वय ३९. द्रव आणि हवेवरचे ते दोन प्रबंध पुढच्या वर्षी छापले गेले, आणि ते छापून आणले पेरिएने, ज्याने नळी डोंगरावर नेली होती त्यानेच.

दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला पास्कल हे नाव १९७१ मध्ये मिळाले. एक पास्कल फारच लहान, म्हणून गाड्यांमध्ये हजाराच्या पटीत, किलोपास्कलमध्ये मोजतात. पॅरिसच्या सेंट जॅक मनोऱ्याच्या तळाशी आज त्याचा पुतळा आहे. आपल्याकडे पेट्रोल पंपावर हवा भरणारा मात्र अजूनही पीएसआयच विचारतो. तिथे सांगितलेले ३३ हेही बाहेरच्या हवेच्या वरचेच असतात. पुण्यात भरलेले ३३ महाबळेश्वरला, टायरचे तापमान तेच राहिले तर, ३४ च्या थोडे वर दिसतात.